डब्यावर वाजलेलं अर्धं नाव

वोरियिली गावच्या शाळेत गुरुवारचा शेवटचा तास ढोलाचा झाला, त्या वर्षी लारिबा अलहसन चौथीला शिकवत होती. नवा अभ्यासक्रम राजधानीतून आला होता. मुलांना आपल्या भागातलं ढोलवादन प्रत्यक्ष करून शिकवावं, असं त्यात लिहिलं होतं. संगीताचा शिक्षक कुठून आणायचा, याबद्दल मात्र अवाक्षर नव्हतं. हेडसर याहायांनी ती जाड पुस्तिका लारिबाच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चौथी तुझी, तर हेही तुझंच."

"सर, मला टाळीसुद्धा धड वाजवता येत नाही."

"मग काय झालं? मी पाचवीला पोहणं फळ्यावर शिकवलंय. नदी इथं कुठाय?"

लारिबानेही मग फळाच गाठला. लुंगा काढला, म्हणजे काखेत दाबून वाजवायचा, कमरेत बारीक असलेला ढोल. बाण काढून नावं लिहिली: कातडं, दोऱ्या, लाकूड, वाकडी काठी. मुलांनी माना खाली घालून ते वहीत उतरवलं. नेमकं त्याच वेळी मैदानापलीकडच्या घरात बारसं होतं आणि तिथे खरे ढोल वाजत होते. खिडकीतून आवाज असा आत येत होता, की खडूची धूळ हलावी. पहिल्या बाकावरच्या नापारीने मान वर केली.

"मॅडम, तो आत्ता काय म्हणाला?"

"कोण?"

"ढोल."

लारिबाला ते कळलं नव्हतं. "आधी चित्र पुरं कर," ती म्हणाली, आणि म्हणताना तिचे कान तापले.

हे कान तापणं जुनं होतं. लारिबा वडिलांच्या बहिणीकडे वाढली होती. दागोम्बा लोकांच्या घरात मुलगी आत्याकडे देतात, तशीच. आत्या पहाटे बाजरीची पेज आणि चवळीचे वडे करून याच गावच्या चौकात विकायची, आणि पेजेचं भांडं रिकामं झालं की लारिबाला शाळेत हाकलायची. शिकून ती शिक्षिका झाली. वडील गेले तेव्हा ती तमाले शहरातून मातीला आली. अंगणात माणसांची दाटी होती. एका ढोलवाल्याने तिच्यासमोर उभं राहून बराच वेळ ढोल वाजवला, आणि लारिबा आपली दुसरी चप्पल शोधत राहिली. तो पुढे निघून गेल्यावर तिने आत्याला विचारलं, "तो माझ्याकडे का बघत होता?"

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "तुझ्या खापरपणज्याला हाक मारत होता बाई. त्याचं नाव घेऊन तुझं सांत्वन करत होता. आणि तू चप्पल शोधत होतीस."

आत्या पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं लारिबाला अनेक वर्षं वाटत राहिलं.

तर त्या गुरुवारनंतरच्या शनिवारी तिने मोठ्या माणसाकडे जाताना मान म्हणून न्यायची कोलाची कडू फळं घेतली, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि गावच्या ढोलवाल्यांचा मुखिया इद्दी याच्या घरी गेली. म्हातारा उंबऱ्याशी असलेल्या गोल खोलीत कातड्यावर बसून ढोलाच्या दोऱ्यांना तेल लावत होता. तिने गुडघे टेकून विचारपूस केली. झोप कशी झाली, घर कसं आहे, काम कसं आहे. त्याने सगळ्याला "नाआ" म्हणून उत्तर दिलं, फळं बाजूला ठेवली आणि म्हणाला, "आता मुद्द्याचं बोल."

तिने मुद्दा सांगितला.

"आमच्या घरचं पोर चालायला लागलं की काठी उचलतं," इद्दी म्हणाला. "मनगट वाकायला लागेपर्यंत बापाच्या शिव्या खातं. मिसरूड फुटतं तेव्हा कुठे चारचौघांत उभं राहतं. आणि तू म्हणतेस गुरुवारी, जेवणानंतर."

"जेवणानंतर नाही आजोबा. घरी सोडायच्या आधी."

"म्हणजे पोरांचं अर्धं लक्ष दाराकडे."

"हो."

तिच्या त्या सरळ "हो"ला म्हातारा किंचित हसला. पण नाहीच म्हणाला. ढोल हा घराचा असतो, बाजारात मांडायची वस्तू नव्हे. लारिबा उठली. पुढच्या शनिवारी पुन्हा आली. त्या वेळी त्याने कोला घेतला आणि हवापाण्यावरच बोलत राहिला. तिसऱ्या खेपेला मात्र त्यानेच विचारलं, "पोरांना ढोलवाले करून काय करणार आहेस?"

"ढोलवाले नाही करायचे, आजोबा. ढोल त्यांच्याशी बोलतो ते त्यांना कळावं, एवढंच. मला कळत नाही. लोकांसमोर माझी शोभा झालीय."

"कळत नाही?" त्याने हातातली काठी खाली ठेवली. "शाळा शिकलीस ना?"

"म्हणूनच."

इद्दीने एक सैल दोरी ओढून बांधली. मग म्हणाला, "म्हणी देतो. पोरांच्या, बायकांच्या, बाजारातल्या. पण नावं नाहीत. पूर्वजांची नावंही म्हणीसारखी वाक्यंच असतात, पण ती गुरुवारची नसतात. ती घेण्याआधी धुवावं लागतं, द्यावं लागतं, माफी मागावी लागते. चुकीच्या वेळी घेतलं तर ज्याचं नाव तो उठून येतो, आणि घेणाऱ्यालाच विचारतो की का बोलावलंस."

"नावं नाहीत," लारिबाने कबूल केलं.

त्याने तीन म्हणी दिल्या. एक होती, ‘पाहुणा आला, कोंबडी पळाली.’ ढोलावर ती इतक्या झटक्यात आली की लारिबाला हसू फुटलं, आणि हसता हसता लक्षात आलं, की या वेळी तिला कळलं होतं. आधी शब्द ठाऊक होते म्हणून कळलं होतं. शब्दांचा चढउतारच तर ढोल करत होता. काख दाबली की आवाज वर, सोडली की खाली. वर्षानुवर्षं ती मुलांना मातृभाषेचं वाचन शिकवत आली होती. एकच शब्द वर उचलला तर एक, खाली सोडला तर दुसराच, हे तिने शेकडो वेळा फळ्यावर समजावलं होतं. आपल्याला संगीत येत नाही म्हणून ती इतके दिवस रडत होती, आणि हे तर भाषेचंच काम निघालं.

तिथून ती कामाला लागली. शाळेत लुंगा घ्यायला पैसे नव्हते. चौथीतल्या कुणाच्या काखेत तो मावलाही नसता. तिने मुलांना रिकामे डबे आणायला सांगितलं. दुधाच्या पावडरीचा मोठा डबा खालच्या आवाजाला, टोमॅटोच्या गराचा छोटा डबा वरच्या आवाजाला. कडुनिंबाच्या फांद्यांच्या काठ्या. पण डब्याला हात लावायचा नाही. आधी वाक्य म्हणायचं. मग तेच ओठ मिटून म्हणायचं, नुसतं घशातून. मग हाताने हवेत दाखवायचं, वर, खाली, खाली, वर. सगळ्यांचे हात एकसारखे हलले, की मग डबा.

पहिले काही गुरुवार नुसता गोंधळ होता. शेजारच्या तिसरीच्या बाईंनी मधलं दार लावून घेतलं, मग कानात कापूस घातला, मग हेडसरांकडे गेल्या. लारिबाने वर्ग कडुनिंबाखाली नेला. हळूहळू गोंधळातून वाक्यं ऐकू यायला लागली. ती मुलांचे दोन गट करायची. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ओळखायचं. ओळखलं नाही तर चूक वाजवणाऱ्याची. तीन म्हणी संपल्यावर मुलांनी स्वतःची वाक्यं काढली. ‘उद्या भेंडीचं कालवण आहे.’ ‘तुझी शेळी शेतात शिरली.’ एका दुपारी हेडसर व्हरांड्यात खुर्चीवर डोळे मिटून बसले होते आणि झाडाखालून एकच वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं. मुलं हसून लोळायच्या बेतात होती.

"छान बसलाय हात," हेडसर डोळे न उघडता म्हणाले. "काय म्हण आहे?"

"जुनीच आहे, सर," लारिबा म्हणाली. वाक्य होतं, ‘म्हातारा बोकड सावलीत घोरतो.’

वर्गात वुम्पिनी नावाची मुलगी होती, इद्दीची नात. मुलाच्या मुलीला ढोलवाल्यांच्या घरात काठी मिळत नाही. ती पाणी भरते, झाडते आणि ऐकते. कडुनिंबाखाली मात्र तिला डबा मिळाला. ती फार बोलायची नाही, पण तिचं वाक्य ओळखायला कुणाला कधी वेळ लागला नाही.

एका गुरुवारी ऊन तापलं होतं, हरमटानचा कोरडा वारा सुटला होता. लारिबा म्हणाली, "आज ज्याला जे वाटेल ते वाजवा, बाकीचे ओळखतील." वुम्पिनीची पाळी आली. तिने मोठा डबा दोन्ही पायांत धरला आणि एक वाक्य वाजवलं. कुणाला ओळखता आलं नाही. तिने पुन्हा वाजवलं, जरा जोरात. लारिबा कपाळाला आठ्या घालून ऐकत होती. ‘खडक’ असं काहीतरी... ‘खडक भिजतो’...

रस्त्याने बुकारीची मोटारसायकल चालली होती. बुकारी चौकात सिमेंट आणि पत्रे विकायचा. बोलायला कडक, हिशेबाला चोख. गावचा जुना मुखिया वारला तेव्हा गादी कुणाची यावरून गावात दोन तट पडले, दगडफेक झाली, पोलीस आले. बुकारीच्या घराण्याची बाजू हरली. त्यानंतर गावातल्या ढोलवाल्यांनी त्याच्या आजोबाचं नाव वाजवणं बंद केलं. कुणी तसा हुकूम दिला नव्हता. नव्या मुखियाच्या माणसांना आवडणार नाही, एवढं सगळ्यांना उमगलं होतं, आणि तेवढं पुरे होतं. बुकारीनेही मग डंबाच्या सणाला, जिथे जो तो आपल्या पूर्वजाच्या नावावर नाचतो, येणं सोडलं. बायको जायची, तो दुकान उघडं ठेवून बसायचा.

मोटारसायकल थांबली. बुकारी उतरला, गाडी स्टँडवर लावली आणि मैदान ओलांडून झाडाकडे आला. मुलं उठून उभी राहिली. लारिबाला वाटलं, आवाजाची तक्रार आहे.

"कोण वाजवतंय?" त्याने विचारलं.

वुम्पिनीने काठी खाली ठेवली.

"थांबू नकोस," तो म्हणाला.

मुलीने लारिबाकडे पाहिलं. काय चाललंय ते लारिबालाही कळलं नव्हतं, पण त्या माणसाचा चेहरा बघून तिने मान हलवली. वुम्पिनी वाजवू लागली. बुकारीने चपला काढून बाजूला ठेवल्या. अंगातला रुंद घोळाचा झब्बा दोन्ही हातांनी उचलला आणि दुधाच्या डब्याच्या ठेक्यावर, भर दुपारी, चौथीच्या वर्गासमोर तो नाचायला लागला. काही मुलं फिसकन हसली, मग गप्प झाली. जाडजूड माणूस, पण पाय अगदी हलके पडत होते. गिरकी घेतली की झब्बा फुलायचा. वाक्य संपायचं तिथे तो थांबायचा, पुढचं ऐकायला मान कलती करायचा, आणि वुम्पिनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

शेवटी त्याला दम लागला. त्याने खिशातून एक नोट काढून रीतीप्रमाणे मुलीच्या कपाळाला लावली, चपला घातल्या आणि गाडीकडे निघून गेला.

"वुम्पिनी," लारिबा खाली बसून म्हणाली, "ते काय होतं?"

"माहीत नाही, मॅडम. आजोबा दोऱ्यांना तेल लावताना लाकडावर बोटांनी वाजवतात. तेवढंच वाजवतात. मग थांबतात."

हे कुणाचं तरी नाव आहे, हे लारिबाला उमगलं, आणि तिने सगळ्यांना डबे खाली ठेवायला सांगितले.

संध्याकाळपर्यंत विहिरीवर दुसरा विषय नव्हता. हेडसरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी तिला खोलीत बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "मुखियाच्या घरून निरोप आला. शाळेने राजकारण सुरू केलंय का, विचारतायत. लारिबा, ऐक माझं. फळ्यावर जा. चित्र काढ, बाण काढ. बाणाने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही."

"मी आधी इद्दी आजोबांना भेटते, सर."

"तो तर तुला उभी जाळेल."

इद्दी उंबऱ्यात नव्हता, अंगणात उभा होता. वुम्पिनी भिंतीशी अंग चोरून बसली होती. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. लारिबाने गुडघे टेकून कोला पुढे केला. त्याने घेतला नाही.

"नावं नाहीत म्हणालो होतो."

"हो. वर्ग माझा होता, चूक माझी. मुलीला काही बोलू नका."

"नाव घेतलं ते घेतलं," म्हातारा म्हणाला, "पण अर्धं! अर्धं नाव घेणं म्हणजे माणसाला हाक मारून दारात बोलवायचं आणि तोंडावर दार लावायचं. ‘खडक भिजतो, खडक विरघळत नाही.’ इथे थांबलं तर तो नुसता हट्टी म्हातारा ठरतो. त्या माणसाचं नाव तेवढं नाही. ही कार्टी कुठून उचलून आणते अर्धंमुर्धं?"

भिंतीजवळून मुसमुसणं ऐकू आलं. लारिबा गुडघ्यांवरच होती. म्हाताऱ्याला उलट बोलायचं नसतं, हे तिला आत्याने चवळी निवडायला बसवून शिकवलं होतं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "आजोबा, ती जेवढं ऐकते तेवढंच वाजवते."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. इद्दीने नातीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं, त्या तेलकट, वाकड्या बोटांकडे. त्याने लारिबाच्या हातातला कोला घेतला.

"जा तू आता," तो म्हणाला. आवाजातली धार गेली होती.

त्याच दुपारी, शुक्रवारच्या नमाजानंतर, माणसं मशिदीतून बाहेर पडत होती, तेव्हा इद्दी खांद्याला ढोल अडकवून चौकाकडे चालत गेला. सोबत कुणाला घेतलं नाही. मुलगा मागे धावला, "बाबा, लोक काय म्हणतील," तर त्याला हाताने परत पाठवलं. लारिबा तेव्हा आत्याच्या जुन्या जागी वडे घ्यायला उभी होती, म्हणून तिने सगळं पाहिलं. बुकारी दुकानाच्या पायरीवर पत्रे मोजून घेत होता. इद्दी त्याच्यासमोर उभा राहिला, काख दाबली आणि वाजवलं. पहिली ओळ लारिबाला आता पाठ होती. दुसरी तिने कधी ऐकली नव्हती, पण तिने ओठ मिटून घशातल्या घशात ती म्हणून पाहिली, मुलांना शिकवलं होतं तशी, आणि शब्द एकेक करून लागत गेले.

‘खडक भिजतो, खडक विरघळत नाही.

पाऊस सरला की सारं गाव त्याच्यावर धान्य वाळवतं.’

या वेळी बुकारी नाचला नाही. पायरीवर बसला आणि झब्ब्याच्या टोकात तोंड लपवलं. इद्दी वाजवत राहिला. आजोबाच्या पुढे पणज्याचं नाव, त्याच्या पुढे आणखी मागचं. वडेवाली पोरगी कढईतले वडे काढायला विसरली.

यानंतर गावात सगळं गोडीगुलाबीचं झालं असं नाही. मुखियाच्या घरच्या तरुणांनी बरेच दिवस इद्दीला सलाम केला नाही. त्या डंबाला बुकारी आला, पण गर्दीच्या कडेला उभा राहून लवकर परतला. वुम्पिनीला पुढची सहामाही डब्याला हात लावायची बंदी झाली. ती शिक्षा तिने मुकाट्याने भोगली, फक्त ओळखण्याच्या गटात बसून. इद्दी शाळेत कधी आला नाही. नावं शिकवायची नाहीत, हा नियम त्याने तसाच ठेवला. पण लारिबा शनिवारी गेली, की तो न मागता एखादी नवी म्हण द्यायचा, आणि ती चुकली तर काठी तिच्या मनगटावर टेकवायचा. "मनगट शिक्षिकेचं आहे," म्हणायचा. "सारखं खोडायलाच जातं."

जिल्ह्याच्या अधिकारीणबाई पाहणीला आल्या तेव्हा मुलांनी डब्यांवर त्यांचं स्वागत केलं. हेडसरांनी हा सगळा प्रकार ‘आमच्या शाळेने’ कसा घडवला ते सविस्तर सांगितलं. लारिबाने दुजोरा दिला. बाईंनी तिच्याकडून धडे लिहून घेतले, छापले आणि जिल्ह्यातल्या शाळांना वाटले. काही शाळांत डबे वाजू लागले. काही ठिकाणी शिक्षकांनी ते धडे फळ्यावर लिहून मुलांकडून उतरवून घेतले. एका ठिकाणी तर डब्याचं चित्रही काढून घेतलं, बाणांसकट. ते कळलं तेव्हा लारिबा इतकी हसली, की डोळ्यांतून पाणी आलं.

दोन वर्षांनी तिची बदली झाली, पूर्वेकडे नदीच्या पलीकडे, कोंकोम्बा लोकांच्या गावात. तिथे तिने पहिल्याच गुरुवारी डबे जमवले, आणि ‘पाहुणा आला, कोंबडी पळाली’ म्हणून दाखवलं. मुलं शहाण्यासारखी बसून राहिली. त्यांनी पाठ केलं, वाजवलं, बरोबरही वाजवलं. पण ओळखायच्या खेळात कुणाला काही ओळखता येईना. भाषाच त्यांची वेगळी होती. त्यांच्यासाठी तो नुसता ठोकाठोकीचा हिशेब होता. लारिबा आठवडाभर अस्वस्थ राहिली. आपले छापून वाटलेले ते धडे नदीच्या इकडे किती शाळांत असेच मुक्याने वाजत असतील, या विचाराने तिला जेवण जाईना. तिने अधिकारीणबाईंना फोन केला.

"धड्यांतल्या म्हणी काढून टाका," ती म्हणाली.

"अहो, मग उरणार काय?"

"तेच बघतेय."

पुढच्या गुरुवारी ती रिकाम्या हाताने वर्गात गेली आणि मुलांसमोर जमिनीवर बसली. "तुमची आई जेवायला हाक कशी मारते?" तिने विचारलं. "तशीच मारून दाखवा."

मुलांनी एकमेकांना कोपरं मारली. मग मागच्या ओळीतली न्यापू नावाची मुलगी उठली, तोंडाभोवती हात धरले आणि मैदानापार जाईल अशी लांब हाक मारली. वर्ग हसला. लारिबाने ती हाक म्हणून पाहिली. चुकली. मुलं आणखी हसली. तिने पुन्हा म्हटली, पुन्हा चुकली.

"असं नाही, मॅडम," न्यापू पुढे येऊन म्हणाली. "तुम्ही आमच्या शेजारच्या गाढवाला बोलवलंत."

"बरं. मग आई कशी म्हणते?"

न्यापूने सांगितलं. लारिबाने ओठ मिटले, डोळे मिटले, आणि घशातून हळूच वर, खाली, खाली करत ती हाक शोधायला लागली.